पळून आलेला माणूस आणि अमेरिकेतील गुलामगिरीचा शेवट

दौत-लेखणी (धागाकर्ता)

अमेरिकेतील गुलामगिरी कशी संपली असे विचारले की आपल्याकडे बहुतेक जण एका दमात सांगतात की, अब्राहम लिंकन यांनी जाहीरनामा काढला आणि गुलाम मुक्त झाले. हे उत्तर खोटे नाही. पण ज्यांना मुक्ती मिळाली ती जवळजवळ चाळीस लाख माणसे त्यात स्वतः काहीच करताना दिसत नाहीत. कोणीतरी येऊन बेड्या तोडेपर्यंत ती निमूट वाट पाहत बसली होती, असा समज त्यातून होतो. या विषयावरचे वाचन वाढत गेले तसे माझे मत पक्के होत गेले की, हा इतिहास वॉशिंग्टनच्या बाजूने न वाचता, रात्री मळ्यावरून निघून, गुलामगिरी नसलेल्या उत्तरेची वाट धरणाऱ्या माणसाच्या बाजूने वाचला पाहिजे. संसदेतील तडजोडी, न्यायालयांतले खटले, दक्षिणेचे फुटून निघणे आणि खुद्द लिंकन यांचे निर्णय या सगळ्यांच्या मुळाशी तो माणूस पुन्हा पुन्हा भेटतो. त्यावर येथे सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

१७८७ साली लिहिल्या गेलेल्या राज्यघटनेतच पळालेल्यांची दखल घेतलेली होती. एका राज्यातून पळून दुसऱ्या राज्यात गेलेला गुलाम तेथील कायद्याने मुक्त होणार नाही, मालकाने मागणी केली की त्याला परत द्यावे लागेल, असे कलम तिच्यात होते. लोकप्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलामांची लोकसंख्या तीन पंचमांश धरावी, हे दुसरे कलम. त्यामुळे ज्यांना मताचा हक्कच नव्हता त्यांच्या जोरावर दक्षिणेला प्रतिनिधिगृहात जास्त जागा मिळत गेल्या. १८०८ पासून परदेशातून गुलाम आणण्यावर बंदी आली, तरी १७९० च्या जनगणनेत सुमारे ७ लाख असलेली गुलामांची संख्या १८६० पर्यंत साडेएकोणचाळीस लाखांवर गेली. आईचे गुलामपण मुलाकडे जन्मतःच येत असे, आणि कापसाच्या शेतीला माणसे कमी पडत होती. व्हर्जिनिया आणि मेरीलँडमधील तंबाखूच्या जमिनी थकल्या होत्या. तेथील मालक आपली माणसे मिसिसिपी, अलाबामा, लुइझियाना येथील कापसाच्या मळ्यांसाठी विकू लागले. देशांतर्गत विक्रीत आणि मालकांच्या स्थलांतरात मिळून सुमारे १० लाख माणसे अशी दक्षिणेकडे हलवली गेली. नवरा एका गावी, बायको दुसऱ्या गावी आणि मुले तिसऱ्याच मालकाकडे, अशी असंख्य कुटुंबे त्यात विस्कटली. पुष्कळ जण पळाले ते फटक्यांना कंटाळून नव्हे, तर आपली विक्री ठरल्याची कुणकुण लागली म्हणून, हे विसरू नये.

आता १८५० च्या कायद्याकडे वळतो, कारण माझ्या मते सारे काही येथून फिरले. फरारी गुलामांसंबंधीच्या या कायद्याने उत्तरेकडील राज्यांत केंद्र सरकारचे आयुक्त नेमले. पकडून आणलेल्या माणसाला स्वतःच्या बाजूने साक्ष देता येत नसे आणि त्याच्यासाठी ज्यूरी बसत नसे. आयुक्ताने त्याला मालकाच्या हवाली केले तर आयुक्ताला १० डॉलर शुल्क मिळे आणि सोडून दिले तर ५ डॉलर. परत पाठवताना कागदपत्रे जास्त करावी लागतात, असे याचे समर्थन दिले जात असे. फरारी माणसाला आसरा देणाऱ्याला १,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होती, आणि अधिकाऱ्याने हाक दिली तर कोणाही नागरिकाला त्या पाठलागात सामील व्हावे लागे. गुलामगिरी ही दक्षिणेची बाब आहे, आपला तिच्याशी संबंध नाही, असे म्हणून इतके दिवस स्वस्थ राहिलेल्या बॉस्टनच्या दुकानदाराला सरकारने पहिल्यांदाच त्या कामात हात घालायला सांगितले.

अँथनी बर्न्स या तरुणाचे प्रकरण थोडे बारकाईने पाहण्यासारखे आहे. व्हर्जिनियातून जहाजात लपून तो बॉस्टनला आला आणि कपड्यांच्या एका दुकानात काम करू लागला. त्याने आपल्या भावाला पत्र लिहिले, ते मालकाच्या हाती पडले आणि त्याचा ठावठिकाणा उघड झाला. २४ मे १८५४ च्या संध्याकाळी, चोरीचा खोटा आळ घेऊन, त्याला रस्त्यात पकडण्यात आले. दोन दिवसांनी त्याला सोडवण्यासाठी लोकांनी न्यायालयाच्या इमारतीवर हल्ला केला, दार फोडले, त्या झटापटीत एक पहारेकरी मारला गेला. पण बर्न्स सुटला नाही. २ जून रोजी निकाल मालकाच्या बाजूने लागला. त्या एका माणसाला बंदरापर्यंत नेण्यासाठी सैन्य आणि तोफ आणावी लागली, हजारो माणसे रस्त्याच्या दुतर्फा उभी राहिली, इमारतींवर काळी कापडे सोडली होती आणि एका ठिकाणी रस्त्यावर शवपेटी टांगून तिच्यावर 'स्वातंत्र्य' असे लिहिले होते. पुढच्याच वर्षी बॉस्टनच्या कृष्णवर्णीय चर्चमधील मंडळींनी पैसे जमवून १,३०० डॉलरला त्याची सुटका विकत घेतली. त्याच्यानंतर मॅसॅच्युसेट्समधून या कायद्याखाली एकही माणूस परत पाठवला गेला नाही.

दक्षिणेलाही हे झोंबले. २० डिसेंबर १८६० रोजी साउथ कॅरोलायना संघराज्यातून बाहेर पडले तेव्हा त्या राज्याने आपली कारणे लेखी जाहीर केली, आणि त्यातील मुख्य तक्रारींपैकी एक अशी की, उत्तरेकडील राज्ये पळालेले गुलाम परत देण्याचे घटनेतील बंधन पाळत नाहीत. पुढच्या वर्षी उत्तर आणि दक्षिण यांच्यात पेटलेले यादवी युद्ध राज्यांच्या अधिकारांसाठी होते असे आजही सांगितले जाते; पण या कागदात तर इतर राज्यांनी आपल्या अधिकारात केलेले कायदेच गुन्हा म्हणून मांडलेले आहेत.

युद्ध सुरू झाल्यावर लिंकन सरकारची भूमिका संघराज्य टिकवण्याची होती, गुलामगिरीला हात लावण्याची नव्हती. मे १८६१ मध्ये व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरील, उत्तरेच्या ताब्यातील फोर्ट मन्रो या किल्ल्यात फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तिघे गुलाम रात्री होडीतून पोहोचले. त्यांना दक्षिणेच्या सैन्यासाठी तोफांचे मोर्चे बांधायला लावले होते. त्यांना परत मागण्यासाठी दक्षिणेचा अधिकारी आला, तेव्हा किल्ल्याचे सेनापती बेंजामिन बटलर, जे मूळचे वकील होते, म्हणाले की व्हर्जिनिया स्वतःला परका देश म्हणवते, मग अमेरिकेचा फरारी गुलामांचा कायदा तिला लागू कसा होईल; आणि ही माणसे शत्रूच्या युद्धकामाला वापरली जात होती, म्हणून मी ती जप्त करतो. माणसाला मालमत्ता मानणारा हा युक्तिवाद होता, तरी दार उघडले ते त्यानेच. थोड्याच दिवसांत बायकामुलांसह शेकडो माणसे त्या किल्ल्यात आली. ऑगस्टमध्ये काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, जप्तीचा पहिला कायदा करावा लागला, जुलै १८६२ मध्ये त्याहून कडक दुसरा, आणि १ जानेवारी १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा त्यानंतरचा. हा क्रम ध्यानात घेतला तर, माणसे आधी आली आणि कायदा त्यांच्या मागून आला, हे स्पष्ट दिसते.


सह्यवाट

लेख अभ्यासपूर्ण आहे. बर्न्सचे प्रकरण मला माहीत नव्हते. मात्र मुख्य मुद्द्याशी मी पूर्णपणे सहमत नाही. १८५० च्या जनगणनेत वर्षभरात पळालेल्या गुलामांची नोंद सुमारे एक हजार आहे, आणि तेव्हा गुलामांची एकूण संख्या बत्तीस लाख होती. नोंद कमी झाली असेल असे धरून हा आकडा कितीही वाढवला तरी ज्या व्यवस्थेत बत्तीस लाख माणसे अडकली होती ती व्यवस्था एवढ्याने कशी हादरेल?

मला वाटते की खरे कारण पैशात शोधावे. १८६० साली गुलामांची बाजारातील एकत्रित किंमत अंदाजे तीन अब्ज डॉलरहून अधिक होती, म्हणजे देशातील सर्व रेल्वे आणि कारखाने यांत गुंतलेल्या भांडवलापेक्षाही जास्त. न्यूयॉर्कच्या बँका आणि विमा कंपन्या, इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्या, न्यू इंग्लंडचे कापडवाले अशा सगळ्यांचा व्यवहार त्या कापसावर चालत होता. गुलाम तारण ठेवून कर्ज काढले जाई. ब्रिटनने १८३३ साली गुलामगिरी संपवण्याचा कायदा केला तेव्हा मालकांना २ कोटी पौंड भरपाई दिली. अमेरिकेत तसे करायचे म्हटले तर कोणत्याही सरकारला ती रक्कम उभी करता आली नसती. मालक आपणहून सोडणार नाहीत आणि सरकारला विकत घेऊन सोडवता येणार नाही, अशी कोंडी असल्यामुळेच प्रकरण युद्धावर गेले. त्यात पळून जाणाऱ्यांचे महत्त्व नैतिक होते, निर्णायक नव्हते असे माझे मत आहे.


दौत-लेखणी

सह्यवाट, आपला आक्षेप रास्त आहे आणि आकडाही बरोबर आहे. पैशाचे महत्त्व मी नाकारत नाही. भरपाईचा प्रयोग एका ठिकाणी झालाही. एप्रिल १८६२ मध्ये राजधानी वॉशिंग्टनच्या परिसरातील तीन हजारांवर गुलाम मुक्त करण्यात आले आणि सरकारने माणशी ३०० डॉलरपर्यंत भरपाई दिली, ती अर्थात मालकांना. डेलावेअरसारख्या राज्यात तर १८६० साली दोन हजारांहूनही कमी गुलाम उरले होते, तरी तेथील पुढाऱ्यांनी लिंकन यांची भरपाईची योजना मान्य केली नाही. म्हणजे प्रश्न निव्वळ रकमेचा असता तर निदान तेथे तरी तो सुटला असता.

आता संख्येबद्दल. दक्षिणेत राहिलेल्यांचे बोलणे उत्तरेत ऐकू येत नव्हते. त्यांना लिहा-वाचायला शिकवणे बहुतेक दक्षिणी राज्यांत कायद्याने गुन्हा होते. मळ्यावरचे जगणे काय असते हे उत्तरेतील माणसाला सांगू शकणारा एकच माणूस होता, तो म्हणजे तेथून निसटून आलेला. फ्रेडरिक डग्लस सप्टेंबर १८३८ मध्ये खलाशाचा वेश करून, उसन्या कागदपत्रांवर, बाल्टिमोरहून रेल्वेने निघाले. प्रवासाच्या पैशांची आणि कपड्यांची तजवीज ॲना मरे यांनी केली होती, ज्या स्वतः जन्मतः मुक्त होत्या आणि पुढे त्यांच्या पत्नी झाल्या. तीन वर्षांनी डग्लस गुलामगिरीविरोधी चळवळीच्या नँटकेट येथील सभेत बोलायला उभे राहिले, आणि चळवळीला पहिल्यांदा असा वक्ता मिळाला ज्याच्यापुढे 'गुलाम सुखी आहेत' हे दक्षिणेचे म्हणणे टिकेना. त्यांचे बोलणे इतके घडीव होते की हा माणूस गुलाम नव्हताच अशी शंका लोक घेऊ लागले. म्हणून १८४५ साली त्यांनी मालकाच्या नावानिशी, गावानिशी आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्यामुळे पकडले जाण्याचा धोका वाढला आणि त्यांना आयर्लंड व इंग्लंडला जावे लागले. तेथील मित्रांनी १५० पौंड देऊन कायदेशीर मुक्ती विकत घेतली तेव्हा कुठे ते परत येऊ शकले.

हेन्री ब्राउन यांनी १८४९ मध्ये स्वतःला तीन फूट लांबीच्या लाकडी खोक्यात बंद करवून रिचमंडहून फिलाडेल्फियाला पार्सलने पाठवले. प्रवास सुमारे २७ तासांचा झाला, आणि त्यात काही वेळ खोके उलटे ठेवल्यामुळे ते डोक्यावर होते. त्यांची गर्भवती पत्नी आणि मुले काही महिन्यांपूर्वीच विकली गेली होती. अशी एक हकिगत एका गावात सांगितली गेली की त्या गावाला पुन्हा अलिप्त राहणे कठीण जाई. एका वर्षात हजार जण पळाले असतील, पण त्या हजारांपैकी प्रत्येकासाठी एक जाहिरात, एक पाठलाग, एखादा खटला आणि आसरा देणारी पाच-दहा घरे असा व्याप होत असे. दक्षिणेच्या पुढाऱ्यांना हे पुरते ठाऊक होते, म्हणून तर एवढ्याशा संख्येसाठी त्यांनी १८५० साली इतका कडक कायदा मागून घेतला.


अक्षरवेल

चर्चेत आतापर्यंत पळून जाणारे सगळे पुरुषच आले आहेत, म्हणून थोडी भर घालते. पळणाऱ्यांत बायकांचे प्रमाण कमी होते आणि त्याचे कारण उघड आहे: कडेवर मूल घेऊन दलदलीतून रात्रीची वाट कापणे शक्य नव्हते, आणि मूल मागे सोडणे त्याहून कठीण होते. नॉर्थ कॅरोलायनातील एडेंटन गावच्या हॅरिएट जेकब्स यांनी मधला मार्ग काढला. मालकाच्या वासनेपासून सुटण्यासाठी त्या घरातून नाहीशा झाल्या आणि त्याच गावात, आजीच्या घराला जोडलेल्या पडवीच्या छपराखालील पोकळीत लपल्या. ती जागा नऊ फूट लांब, सात फूट रुंद आणि सर्वांत उंच ठिकाणी तीन फूट होती. उभे राहता येत नसे. उन्हाळ्यात छपरातून राळ ठिबकत असे. त्यांनी गिरमिटाने भिंतीला बारीक भोके पाडली, आणि त्यातून खाली खेळणारी आपली मुले त्या पाहत असत. मुलांना मात्र आई वर आहे याचा पत्ता नव्हता. जवळजवळ सात वर्षे त्यांनी अशी काढली आणि १८४२ साली उत्तरेला निसटल्या. मालक त्यांचा शोध घ्यायला न्यूयॉर्कपर्यंत जाऊन आला होता, आणि त्या मात्र त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होत्या.

दुसरा मुद्दा अर्जांचा. स्त्रियांना मताचा अधिकार नव्हता, पण सरकारकडे अर्ज करण्याचा अधिकार होता. १८३० च्या दशकात हजारो स्त्रियांनी दारोदार फिरून सह्या गोळा केल्या आणि गुलामगिरीविरोधी अर्जांचा काँग्रेसवर मारा केला. त्याला कंटाळून प्रतिनिधिगृहाने १८३६ मध्ये असे अर्ज चर्चेला न घेताच बाजूला ठेवण्याचा ठराव केला. माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स आठ वर्षे या ठरावाशी झुंजले आणि डिसेंबर १८४४ मध्ये तो रद्द झाला. गुलामांच्या प्रश्नाशी देणेघेणे नसलेल्या कित्येक गोऱ्या नागरिकांना आपला स्वतःचा अर्जाचा हक्क यात जातो आहे हे दिसले, आणि चळवळीला अनपेक्षित मित्र मिळाले. अँजेलिना आणि सारा ग्रिम्के या चार्ल्सटनच्या गुलाम बाळगणाऱ्या घराण्यातील बहिणी होत्या. त्यांनी घर सोडून उत्तरेत व्याख्याने दिली, तेव्हा बाईने पुरुषांसमोर बोलावे काय यावरच चर्चमधून टीका झाली. मे १८३८ मध्ये फिलाडेल्फियात याच सभांसाठी बांधलेले पेनसिल्व्हेनिया हॉल उद्घाटनानंतर चारच दिवसांत जमावाने जाळून टाकले. उत्तर म्हणजे सगळे चळवळीच्या बाजूचे, असे समजू नये यासाठी ही घटना मुद्दाम नोंदवते.


माळरान

अक्षरवेल यांच्या शेवटच्या वाक्याला जोडून सांगतो. नोव्हेंबर १८३७ मध्ये इलिनॉयमधील ऑल्टन येथे एलायजा लव्हजॉय या गुलामगिरीविरोधी संपादकाचा, आपला छापखाना वाचवताना, गोळी लागून मृत्यू झाला. इलिनॉय हे गुलामगिरी नसलेले राज्य होते.

माझा प्रश्न चळवळीतल्या फुटीबद्दल आहे. विल्यम लॉइड गॅरिसन यांनी १ जानेवारी १८३१ रोजी बॉस्टनमध्ये 'द लिबरेटर' हे गुलामगिरीविरोधी साप्ताहिक सुरू केले आणि अखेरपर्यंत ते एकच मागणी करत राहिले की गुलामगिरी तत्काळ आणि विनाभरपाई संपली पाहिजे. त्यांच्या दृष्टीने राज्यघटना हाच गुलामगिरीशी केलेला करार होता, म्हणून ४ जुलै १८५४ रोजी त्यांनी जाहीर सभेत घटनेची प्रत जाळली. ते निवडणुकीपासून दूर राहिले. डग्लस मात्र १८५१ पासून याच्या उलट मांडू लागले की घटनेचा अर्थ स्वातंत्र्याच्या बाजूने लावता येतो आणि लावला पाहिजे. एकेकाळचे हे गुरू-शिष्य त्यानंतर एकमेकांशी फारसे बोलले नाहीत. या दोघांत बरोबर कोण होते, याविषयी आपले मत काय? आणि लिंकन यांच्यावर आपण थोडा अन्याय करत आहात असेही मला वाटते.


दौत-लेखणी

माळरान, पहिल्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापुरते स्पष्ट आहे: राजकारण म्हणून डग्लस बरोबर होते. गॅरिसन यांनी घटनेचे निदान अचूक केले होते. ड्रेड स्कॉट या गुलामाने आपल्या मुक्तीसाठी लढवलेल्या खटल्यात १८५७ साली सरन्यायाधीश टॉनी यांनी कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक असूच शकत नाही असा निकाल दिला, तेव्हा गॅरिसन यांचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले. पण निदान बरोबर असूनही त्यांचा उपाय असा होता की उत्तरेने दक्षिणेपासून वेगळे व्हावे. तसे झाले असते तर मळ्यावरची लाखो माणसे आतच राहिली असती, हे डग्लस यांना जाणवत होते, कारण त्यांची स्वतःची भावंडे त्या आतल्या बाजूला होती. ५ जुलै १८५२ च्या रॉचेस्टरमधील भाषणात त्यांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाची जी चिरफाड केली तिच्याइतके जळजळीत काही त्या काळात बोलले गेले असेल असे मला वाटत नाही. आणि त्याच भाषणाच्या शेवटी त्यांनी घटनेला स्वातंत्र्याचा दस्तऐवज म्हटले आहे. दोन्ही गोष्टी एकाच तासात, एकाच श्रोत्यांपुढे बोलायला मोठे धैर्य लागते.

लिंकन यांच्याबद्दल. ऑगस्ट १८६२ मध्ये त्यांनी संपादक होरेस ग्रीली यांना लिहिले की एकाही गुलामाला मुक्त न करता संघराज्य वाचत असेल तर मी तसे करीन. त्या वेळी जाहीरनाम्याचा मसुदा त्यांच्याजवळ तयार होता, म्हणून त्या पत्राकडे जनमत सांभाळण्याचा प्रयत्न म्हणून पाहावे हे मला मान्य आहे. त्यांची वाढ होत गेली, आणि ती खरी होती. ऑगस्ट १८६४ मध्ये निवडणूक हरण्याची चिन्हे दिसत असताना त्यांनी डग्लस यांना बोलावून घेतले आणि विचारले की, नवा अध्यक्ष येऊन तडजोड करण्याआधी दक्षिणेतील जास्तीत जास्त गुलामांना आपल्या सैन्याच्या हद्दीत पळून यायला सांगण्याची काही योजना तुम्ही आखू शकाल का. देशाचा राष्ट्राध्यक्ष एका पूर्वीच्या फरारी गुलामाकडे पळण्याची योजना मागत होता. जाहीरनामा कागदावर कितीही मोठा असला तरी जो माणूस चालत येऊन सैन्यापर्यंत पोहोचतो त्याचीच मुक्ती पक्की, हे लिंकन यांना पुरते कळले होते.

जे आले ते नुसते आसऱ्याला राहिले नाहीत. सैन्यात सुमारे १ लाख ७९ हजार कृष्णवर्णीय सैनिक दाखल झाले, त्यांतील बहुसंख्य आधी गुलाम होते. गोऱ्या सैनिकाला महिना १३ डॉलर मिळत, यांना १० डॉलर ठरले आणि त्यातून कपड्यांचे ३ कापले जात. ५४ व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीने कमी पगार घेण्यास साफ नकार दिला आणि वर्षभराहून अधिक काळ विनावेतन लढाई केली. जून १८६४ मध्ये काँग्रेसला समान वेतन मान्य करावे लागले.


खाडीकाठ

मी काही वर्षांपासून मेरीलँडमध्ये राहते. स्वतः पळून सुटल्यावर पुन्हा परत येऊन इतरांना सोडवणाऱ्या हॅरिएट टबमन यांचा डॉर्चेस्टर परगणा येथून मोटारीने गाठता येतो, आणि ज्यांना शक्य असेल त्यांनी तो अवश्य पाहावा, कारण पळून जाणे म्हणजे काय हे ती जमीन पाहिल्यावर समजते. नजर जाईल तेथवर दलदल, लव्हाळे आणि काळसर पाण्याच्या खाड्या आहेत. पायवाट म्हणावी अशी कोरडी जागा फार थोडी. टबमन लहानपणी याच पाण्यात, थंडीच्या दिवसांत, कस्तुरी-उंदरांचे सापळे तपासायला जात असत. बकटाउनच्या दुकानात एका मुकादमाने पळणाऱ्या दुसऱ्या गुलामावर फेकलेले दोन पौंडांचे वजन त्यांच्या डोक्याला लागले, आणि त्यानंतर आयुष्यभर त्यांना अचानक गुंगी येत असे. वडील लाकूडकामाचे जाणकार होते. जंगलाची आणि लाकूड वाहून नेणाऱ्या कृष्णवर्णीय खलाशांची माहिती त्यांना तेथून मिळाली.

१८४९ मध्ये त्या स्वतः सुटल्या आणि पुढील दहा-अकरा वर्षांत सुमारे तेरा वेळा परत येऊन साधारण सत्तर जणांना घेऊन गेल्या. त्या बहुतेक रात्री मोठ्या असतात अशा दिवसांत येत, आणि निघायला शनिवारची रात्र निवडत, कारण रविवारी वर्तमानपत्र छापले जात नसल्यामुळे पळाल्याची जाहिरात सोमवारपर्यंत निघू शकत नसे. जून १८६३ मध्ये साउथ कॅरोलायनातील कॉम्बाही नदीवर सैन्याच्या बोटी नेऊन सातशेहून अधिक गुलामांना एका मोहिमेत बाहेर काढण्यात आले, त्या मोहिमेची वाट त्यांनीच दाखवली होती.


निळाशार

महाराष्ट्राशी असलेला संबंध येथे नोंदवला गेला पाहिजे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेला 'गुलामगिरी' हा ग्रंथ, गुलामांच्या मुक्तीसाठी स्वार्थत्यागाने झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला आहे, आणि माझ्या देशबांधवांनी शूद्र बांधवांच्या मुक्तीसाठी तो कित्ता गिरवावा अशी इच्छा तेथे व्यक्त केली आहे. अमेरिकेत गुलामगिरी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती होऊन तेव्हा आठच वर्षे झाली होती. पुण्यात बसून जगाच्या दुसऱ्या टोकाच्या चळवळीचा इतका ताजा आणि इतका नेमका उपयोग त्या काळी दुसऱ्या कोणी केल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

सह्यवाट यांच्या कापसाच्या मुद्द्यालाही मुंबई जोडलेली आहे. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवल्यावर लँकेशायरला अमेरिकी कापूस मिळेना, आणि आपल्याकडील कापसाला कधी नव्हे असा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला, शेअर्सचा सट्टा माजला, समुद्र भरून जमीन काढण्याच्या कंपन्या निघाल्या. आणि १८६५ च्या वसंतात युद्ध संपल्याची बातमी येताच भाव कोसळून पेढ्या आणि बँका बुडाल्या. अमेरिकेत चाळीस लाख माणसांच्या मुक्तीची बातमी मुंबईच्या सट्टेबाजाला दिवाळखोरीची बातमी म्हणून मिळाली, ही गोष्ट मला नेहमी विचारात पाडते.


सह्यवाट

दौत-लेखणी आणि खाडीकाठ यांच्या प्रतिसादांमुळे माझे मत थोडे हलले आहे, विशेषतः लिंकन आणि डग्लस यांच्या १८६४ च्या भेटीमुळे. युद्धापूर्वी पळणारे थोडे होते, पण युद्ध सुरू झाल्यावर पळणे हीच मुख्य घटना झाली असे म्हणायला आता हरकत नाही. तरी एक शंका उरते. तेराव्या घटनादुरुस्तीत, गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी चालेल, असा अपवाद आहे. मग गुलामगिरी खरोखर संपली असे आपण कोणत्या अर्थाने म्हणतो?


दौत-लेखणी

सह्यवाट, हा प्रश्न विचारल्याबद्दल मनापासून आभार. मूळ लेख मी जाहीरनाम्यावर थांबवला होता, पण विषय तेथे थांबत नाही.

तेरावी घटनादुरुस्ती प्रतिनिधिगृहात ३१ जानेवारी १८६५ रोजी ११९ विरुद्ध ५६ मतांनी संमत झाली आणि ६ डिसेंबर १८६५ रोजी राज्यांच्या मान्यतेने अमलात आली. जाहीरनाम्याने वगळलेल्या केंटकी आणि डेलावेअर येथील गुलाम तिच्यामुळेच मुक्त झाले. माणसाची विक्री, लिलाव, तारण, जन्मतः येणारे दास्य या गोष्टी त्या दिवशी कायद्यातून कायमच्या गेल्या, आणि त्या गेल्या हे फार मोठे आहे. ज्या आईचे मूल उद्या विकले जाणार नाही तिच्यासाठी ते सर्वस्व होते.

जमीन मात्र मिळाली नाही. उत्तरेच्या सैन्याचे जनरल शर्मन यांनी जानेवारी १८६५ मध्ये साउथ कॅरोलायना ते फ्लोरिडा किनाऱ्यावरील जमीन मुक्त कुटुंबांना प्रत्येकी ४० एकरांपर्यंत वाटण्याचा आदेश काढला होता. लिंकन यांच्या हत्येनंतर अध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सन यांनी त्यातील बरीच जमीन त्याच वर्षी जुन्या मालकांना परत दिली. ज्यांच्याजवळ जमीन नाही त्यांना पुन्हा त्याच मळ्यावर, त्याच मालकाच्या अटींवर राबावे लागले. मिसिसिपीने १८६५ च्या अखेरीस केलेल्या कायद्यांत प्रत्येक मुक्त कृष्णवर्णीयाने दरवर्षी जानेवारीत कामाचा लेखी पुरावा दाखवावा असे बंधन होते. वर्षाचा करार संपण्याआधी कोणी काम सोडून गेला तर त्याला पकडून आणणाऱ्याला ५ डॉलर आणि अंतराच्या प्रत्येक मैलामागे १० सेंट मिळत. हा कायदा वाचताना १८५० चा कायदा डोळ्यांपुढे येतो.

त्याला प्रत्युत्तर म्हणून काँग्रेसने अध्यक्षांचा नकार मोडून १८६६ चा नागरी हक्कांचा कायदा केला, १८६८ मध्ये चौदाव्या घटनादुरुस्तीने ड्रेड स्कॉटचा निकाल पुसून नागरिकत्व दिले आणि १८७० मध्ये पंधराव्या दुरुस्तीने कृष्णवर्णीय पुरुषांच्या मताच्या हक्काला संरक्षण मिळाले. १८७७ मध्ये दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या हक्कांमागचे सैन्याचे बळ काढून घेतल्यावर हे हक्क दहशतीने आणि कायद्याच्या पळवाटांनी हिरावले गेले. आपण म्हणता तो अपवाद तेथे पुरेपूर वापरला गेला. भटकेपणासारख्या क्षुल्लक आरोपावर माणसे पकडायची आणि कैदी म्हणून खाणमालकांना व मळेवाल्यांना भाड्याने द्यायची, ही पद्धत अनेक राज्यांत रूढ झाली. गुलाम मेला तर मालकाचे भांडवल बुडत असे. भाड्याचा कैदी मेला तर दुसरा मागवता येत असे, त्यामुळे त्या खाणींतील मृत्यूंचे प्रमाण भयंकर होते. अलाबामात ही पद्धत १९२८ पर्यंत चालू राहिली.